डिस्क्रीट मॅथेमॅटिक्ससाठी वर्गाला कोणतं पुस्तक सांगावं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सेकंड इयर कॉम्प्युटरला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (लॉजिक, संच, मोजणी, ग्राफ अशा सुट्या गोष्टींचं गणित) पहिल्यांदाच शिकवायला मिळालेल्या एका मॅडमनी विचारलंय, की वर्गाला एकच पुस्तक नेमायचं झालं तर कोणतं नेमावं? विद्यापीठाच्या यादीत लिऊ आणि बिग्ज या लेखकांची पुस्तकं, ग्रंथालयात रोझेनच्या जाडजूड प्रती, आणि मुलांच्या बॅगेत लोकल ऑथर, म्हणजे इथल्याच लेखकांची परीक्षेपुरती पुस्तकं. निम्मा वर्ग डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. बरीच मुलं निफाड, दिंडोरी, कळवण, सिन्नर भागातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली.

मॅडम, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मग सांगतो. मुख्य पुस्तक म्हणून केनेथ रोझेन यांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती नेमा, पण त्यातली निवडक प्रकरणंच. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांसाठी रिचर्ड हॅमॅक यांचं 'बुक ऑफ प्रूफ' जोडीला ठेवा, ते इंटरनेटवर अधिकृतपणे मोफत मिळतं. ग्रुप्स (बीजगणितातली एक रचना) आणि कोडिंग (संदेशातल्या चुका ओळखणं-दुरुस्त करणं) यांच्या युनिटला कोलमन-बझ्बी-रॉस. लिऊ तुमच्या स्वतःच्या टेबलावर असू द्या. लोकल ऑथर मुलं घेणारच, घेऊ द्या. त्याचा उपयोग जुन्या प्रश्नपत्रिका पाहण्यापुरता आहे, एवढं मात्र पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा.

आता कारणं. बारावीपर्यंत किंवा डिप्लोमाला मुलांनी जे गणित केलं, त्यात गणित म्हणजे सूत्र, किंमत घालणं आणि उत्तर. इंटिग्रेशन असो, मॅट्रिक्स असो, शेवटी एक आकडा येतो आणि तो पुस्तकाच्या मागे पडताळता येतो. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स हा अभियांत्रिकीतला असा पहिला विषय, जिथे 'सिद्ध करा' म्हटल्यावर मुलाने स्वतः चार वाक्यं लिहायची असतात आणि त्या प्रत्येक वाक्याला आधार द्यायचा असतो. ही सवय लागली तर पुढे अल्गोरिदम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, क्रिप्टोग्राफी सगळं सोपं जातं. नाही लागली तर तिसऱ्या वर्षाला तीच मुलं ट्युरिंग मशीनची व्याख्या पाठ करताना दिसतात. म्हणून माझ्या लेखी पुस्तकाची परीक्षा एकच: हे पुस्तक मुलाला स्वतःचं प्रूफ लिहायला शिकवतं का? छपाई, पानं, किंमत, प्रकाशक हे सगळं त्याच्यानंतर.

ही परीक्षा घ्यायला अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही. शालिमारला किंवा महात्मा गांधी रस्त्यावर दुकानात उभं राहूनसुद्धा घेता येते. दोन जागा उघडायच्या.

पहिली जागा म्हणजे स्ट्राँग इंडक्शन: आधीच्या सगळ्या पायऱ्या खऱ्या मानून पुढची सिद्ध करायची पद्धत. रोझेनमध्ये इथे टपाल तिकिटांचं प्रसिद्ध उदाहरण आहे. आपण ते रुपयांत मांडू: १२ किंवा त्याहून जास्त रुपयांची कोणतीही रक्कम फक्त ४ आणि ५ रुपयांच्या तिकिटांनी भरता येते, हे सिद्ध करा. १२ म्हणजे ४+४+४. १३ म्हणजे ४+४+५. १४ म्हणजे ४+५+५. १५ म्हणजे ५+५+५. आता १६ किंवा त्यापुढची कोणतीही रक्कम घ्या, तिच्यातून ४ वजा करा; उरलेली रक्कम १२ किंवा जास्त आहे आणि ती भरता येते हे आधीच मान्य केलंय, त्यात ४ चं एक तिकीट वाढवा. झालं. वर्गात इथे एक तरी हात वर होतो आणि मूल विचारतं, "सर, बेस केस चार का? एक का नाही?" या प्रश्नाचं उत्तर जे पुस्तक देतं, ते चांगलं. उत्तर असं की आपण ४ ची पायरी मागे जातोय. १६ साठी १२ लागतो, १७ साठी १३, १८ साठी १४, १९ साठी १५. यातला एक जरी पाया काढला तरी त्याच्या वरची प्रत्येक चौथी रक्कम अधांतरी राहते. पुष्कळ पुस्तकं इथे 'बेस स्टेप, इंडक्टिव्ह स्टेप, हेन्स प्रूव्ह्ड' असा साचा देतात आणि पुढे जातात. साचा मिळालेलं मूल १ ते न या संख्यांच्या बेरजेचं सूत्र सिद्ध करतं, वर्गांच्या बेरजेचंही करतं, पण तिकिटांपाशी अडतं, कारण इथे बीजगणित जवळपास नाहीच, विचारच आहे.

दुसरी जागा म्हणजे रिलेशन्स. या प्रकरणाच्या स्वाध्यायात चुकीचं प्रूफ देऊन 'यात चूक काय?' असं विचारलेलं आहे का ते बघा. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं. दावा असा: जे रिलेशन सिमेट्रिक आणि ट्रान्झिटिव्ह आहे, ते रिफ्लेक्सिव्ह असतंच, म्हणजे त्यात प्रत्येक घटकाचा स्वतःशी संबंध असतोच. प्रूफ असं: अ चा ब शी संबंध आहे. सिमेट्री आहे म्हणून ब चा अ शी संबंध आहे. ट्रान्झिटिव्हिटी आहे म्हणून अ चा अ शी संबंध आहे. म्हणजे रिफ्लेक्सिव्ह. हे वाचून वर्गातली बहुतेक मुलं मान डोलावतात. चूक पहिल्याच वाक्यात आहे: अ चा कोणाशी तरी संबंध आहे हे गृहीत धरलं. एखादा घटक कोणाशीच जोडलेला नसेल तर? तीन घटकांच्या संचावर एकूण ५१२ रिलेशन्स असतात. त्यातली सिमेट्रिक आणि ट्रान्झिटिव्ह दोन्ही असलेली १५, आणि त्या १५ पैकी रिफ्लेक्सिव्ह फक्त ५. उरलेली १० म्हणजे त्या खोट्या प्रूफला दिलेली १० उत्तरं. मुलांना ती १० हाताने लिहून काढायला लावा, अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात इक्विव्हॅलन्स रिलेशन आणि पार्टिशन यांचं नातं आपोआप समोर येतं, कारण त्या ५ म्हणजेच तीन घटकांची गटवारी करायच्या ५ पद्धती.

रोझेनमध्ये अशी 'चूक शोधा' प्रकारची उदाहरणं जागोजागी आहेत. इंडक्शनच्या स्वाध्यायात 'सगळे घोडे एकाच रंगाचे' हे जुनं खोटं प्रूफही आहे. १ वरून २ वर जातानाच ते कसं कोसळतं, हे मुलांना शोधू द्या, तुम्ही सांगू नका. शिवाय स्वाध्यायातल्या कठीण प्रश्नांवर एक तारा, फार कठीण प्रश्नांवर दोन तारे असतात आणि विषम क्रमांकांची उत्तरं मागे दिलेली असतात. शिकवणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. विषम क्रमांक सरावाला, सम क्रमांक असाइनमेंटला. १९८८ साली पहिली आवृत्ती निघाली आणि आज आठव्या आवृत्तीपर्यंत हे पुस्तक टिकलं, त्यात स्वाध्यायांचा वाटा मोठा आहे.

रोझेनची अडचणही सांगतो. पुस्तक हजारेक पानांचं आहे आणि मुलं जाडी बघूनच दबतात. त्यात नंबर थिअरी, प्रोबॅबिलिटी, बुलियन अल्जिब्रा, ऑटोमाटा असं बरंच काही आहे, जे तुमच्या सिलॅबसमध्ये इतर विषयांकडे गेलेलं असतं. म्हणून 'रोझेन वाचा' असं कधीही सांगू नका. त्याचा अर्थ मुलांच्या लेखी 'वाचू नका' असाच होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये या विषयाची सहा युनिट्स होती: संच आणि लॉजिक, रिलेशन्स आणि फंक्शन्स, काउंटिंग, ग्राफ, ट्री आणि शेवटी अल्जिब्राइक स्ट्रक्चर्स व कोडिंग, इनसेम (सत्राच्या मधली परीक्षा) ३० गुणांची, एन्डसेम (सत्राच्या शेवटची) ७० ची. तुमच्या वर्गाला आता जो पॅटर्न लागू असेल त्याचा कागद समोर घ्या आणि प्रत्येक युनिटपुढे रोझेनमधली नेमकी सेक्शन्स लिहून तो कागद वर्गाच्या ग्रुपवर टाका. लॉजिकमधून प्रेडिकेट्स, नेस्टेड क्वांटिफायर्स आणि प्रूफच्या पद्धतींची दोन सेक्शन्स सोडू नका. सिलॅबसमध्ये त्यांना अर्धी ओळ मिळालेली असते, पण विषयाचा कणा तिथेच आहे. इंडक्शन पूर्ण. काउंटिंगमधून पिजनहोल आणि इन्क्लूजन-एक्सक्लूजन. ग्राफमध्ये ऑयलर, हॅमिल्टन, शॉर्टेस्ट पाथ, प्लॅनर ग्राफ, कलरिंग. ट्रीमध्ये हफमन कोडिंग आणि मिनिमम स्पॅनिंग ट्री. एवढं केलं की ते हजार पानांचं पुस्तक तीनेकशे पानांवर येतं, आणि ती पानं एका सेमिस्टरमध्ये होण्यासारखी आहेत.

एक ध्यानात ठेवा. रोझेनच्या मूळ पुस्तकात ग्रुप, रिंग, फील्ड यांवर स्वतंत्र प्रकरण नाही. भारतासाठीचं रूपांतर आयआयटी मद्रासच्या कमला कृतिवासन यांनी केलं, तेव्हा ग्रंथालयातली प्रत कोणती आहे ते अनुक्रमणिका उघडून पाहा. शेवटच्या युनिटसाठी कोलमन, बझ्बी आणि रॉस यांच्या पुस्तकावर माझा भरवसा आहे. तिथे सेमीग्रुपपासून ग्रुप आणि ग्रुपपासून कोडिंग असा रस्ता एका ओळीत जातो. पॅरिटी बिट का लावतात, दोन कोडवर्डमधलं अंतर म्हणजे काय, किमान अंतर ३ असलं की एक चूक दुरुस्त कशी करता येते, हे सगळं उदाहरणातून येतं. ग्रुपची व्याख्या पाठ करून चार ॲक्झिअम तपासत बसणाऱ्या मुलाला इथे पहिल्यांदा कळतं की हे सगळं कशासाठी चाललंय.

आता लिऊ. सी. एल. लिऊ यांचं पुस्तक १९७७ चं, लहानखुरं आणि अतिशय घट्ट विणलेलं. जनरेटिंग फंक्शन्स आणि रिकरन्स (पुढचं पद आधीच्या पदांवरून सांगणारं समीकरण) ही त्यातली प्रकरणं मला आजही फार आवडतात, आणि त्यातले प्रश्न परीक्षेला पुन्हा पुन्हा येतात. पण लिऊ दोन पायऱ्या एकदम चढतात. ज्याला प्रूफची सवय आहे त्याला ते वाचताना आनंद होतो. ज्याला नाही तो तिसऱ्या पानावर थांबतो. तुमच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली आणि डिप्लोमावाली मुलं जास्त आहेत, म्हणून पहिलं पुस्तक म्हणून लिऊ नको. तुम्ही स्वतः मात्र जरूर वाचा, शिकवण्यात नेमकेपणा येतो. बिग्जही चांगले आहेत, पण त्यांचा सूर गणिताच्या विद्यार्थ्यासाठीचा आहे. ट्रेम्ब्ले आणि मनोहर हे १९७५ चं पुस्तक जुन्या प्राध्यापकांच्या फार आवडीचं. नॉर्मल फॉर्म्सपुरतं आजही उघडावं, बाकी त्याची चिन्हपद्धती मुलांना जड जाते. शॉमच्या मालिकेतलं लिपशुट्झ यांचं पुस्तक सोडवलेल्या उदाहरणांसाठी ठीक. कुणाला मराठी मनाच्या शिक्षकाने लिहिलेलं, सावकाश समजावणारं पण कसदार पुस्तक हवं असेल, तर आयआयटी मुंबईत शिकवलेल्या के. डी. जोशी यांचं 'फाउंडेशन्स ऑफ डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' आहे. ते बीएस्सी, एमएस्सीच्या मुलांना मी आवर्जून सुचवतो. इंजिनिअरिंगच्या एका सेमिस्टरच्या वेळात ते बसत नाही.

सुझॅना एप यांच्या पुस्तकाबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण तुमच्या वर्गाची जी घडण तुम्ही लिहिली आहे तिला स्वभावाने जवळचं पुस्तक खरं तर तेच. 'जर-तर' विधान खोटं कधी ठरतं, 'सर्व' आणि 'काही' यांची अदलाबदल केल्यावर अर्थ कसा पालटतो, सम संख्यांची बेरीज सम असते हे सिद्ध करताना दोन्ही संख्यांसाठी एकच अक्षर वापरलं तर काय बिघडतं, अशा गोष्टींवर त्या पानंच्या पानं थांबतात. शेवटची चूक तुम्हाला पहिल्याच असाइनमेंटमध्ये दिसेल: मूल लिहितं, पहिली संख्या २क, दुसरीही २क, बेरीज ४क, म्हणून सम. निष्कर्ष बरोबर, प्रूफ फक्त दोन समान संख्यांसाठीचं. एप यांचं पुस्तक असल्या चुका नाव घेऊन दाखवतं. तरीही मी ते मुख्य पुस्तक म्हणून सुचवत नाही, कारण त्याच्या गतीने गेलं तर ग्राफपर्यंत पोहोचायला सेमिस्टर संपतं, आणि ग्रुप्स त्यातही नाहीत. हेच काम थोडक्यात हॅमॅक करतात. संच, लॉजिक, डायरेक्ट प्रूफ, कॉन्ट्रापॉझिटिव्ह, कॉन्ट्राडिक्शन. इंग्रजी साधं, वाक्यं छोटी. त्यातलं डायरेक्ट प्रूफचं प्रकरण वर्गात एका मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, प्रत्येक वाक्याचा अर्थ दुसऱ्याने मराठीत सांगायचा. प्रूफ मात्र इंग्रजीत लिहायचं, कारण पेपर इंग्रजीत आहे. दोन-तीन तास असे गेले तरी चालतील, ते पुढे भरून निघतात.

लोकल ऑथरविषयी मला राग नाही. ती पुस्तकं सिलॅबसच्या क्रमाने असतात, स्वस्त असतात, मागच्या पेपरांतले प्रश्न सोडवून देतात, आणि बॅकलॉग असलेल्या मुलाला परीक्षेच्या आधी तीच तारतात. त्यांची खोट एकाच ठिकाणी आहे, आणि ती मोठी आहे. त्यांत रिकरन्स रिलेशन आयतं दिलेलं असतं आणि ते सोडवायचं असतं: टाइप एक, टाइप दोन, टाइप तीन. रिकरन्स तयार कसं करायचं हे कुठेच येत नाही. मुलाला कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशनची मुळं झटकन काढता येतात, पण समोर साधा प्रसंग ठेवला तर पहिली ओळ लिहिता येत नाही.

यासाठी मी वर्गात मात्रांचं उदाहरण घेतो. शाळेत मराठीच्या तासाला वृत्तं झालेली असतात, लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन हे सगळ्यांना माहीत असतं. विचारायचं: ८ मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या रचनांनी भरता येईल? शेवटचं अक्षर एक तर लघु, म्हणजे आधी ७ मात्रा. नाही तर गुरू, म्हणजे आधी ६. म्हणून ८ ची संख्या म्हणजे ७ ची अधिक ६ ची. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. उत्तर ३४. ज्याला जग फिबोनाची म्हणतं तो हा क्रम आपल्याकडे विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने छंदशास्त्रातून मांडला होता. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. हे कळल्यावर मुलं सरसावून बसतात, आणि मग रोझेनमधलं 'लागोपाठ दोन शून्यं नसलेल्या बिट स्ट्रिंग्ज किती' हे उदाहरण ती स्वतः सोडवतात, कारण 'शेवटी काय आहे त्यावरून फोड करा' ही युक्ती हाती लागलेली असते.

एकच मुख्य पुस्तक ठेवा असं मी म्हणतोय, त्यामागे आणखी एक अगदी व्यवहारी कारण आहे: व्याख्या. ग्राफ थिअरीत लेखकागणिक व्याख्या बदलतात. नरसिंग देव यांचं १९७४ चं ग्राफ थिअरीचं पुस्तक उत्तम आहे, आपल्याकडे स्वस्तात मिळतं, मी ते अजूनही वापरतो. पण देव यांच्याकडे पाथ म्हणजे ज्यात एकही शिरोबिंदू दोनदा येत नाही तो. रोझेनच्या पाथमध्ये शिरोबिंदूच काय, कडाही पुन्हा येऊ शकतात. कडा पुन्हा येणार नसेल तर ते त्याला सिंपल पाथ म्हणतात. देव यांच्या बायनरी ट्रीमध्ये मुळाची डिग्री (त्याला जोडलेल्या कडांची संख्या) २ आणि बाकी प्रत्येक शिरोबिंदूची १ किंवा ३, म्हणजे एकच अपत्य असलेला नोड चालतच नाही, आणि म्हणून शिरोबिंदूंची संख्या नेहमी विषम. त्याच सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला मुलं एक अपत्य असलेला बायनरी ट्री सर्रास काढतात. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या पुस्तकात. पण मुलाने एका पुस्तकातली व्याख्या आणि दुसऱ्यातलं प्रमेय जोडलं की उत्तर चुकतं, आणि आपण कुठे चुकलो हे त्याला कळतही नाही. शून्य ही नैसर्गिक संख्या धरायची की नाही, यावरही पुस्तकांचं एकमत नाही. रोझेन धरतात, आपली शाळेची पुस्तकं धरत नाहीत. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक पानभर व्याख्या वर्गाला लिहून द्या आणि सेमिस्टरभर त्याच पाळा. तपासताना मात्र मुलाने कोणत्या पुस्तकातली व्याख्या घेतली हे त्याने लिहिलं असेल, तर त्याला पूर्ण गुण द्या.

वर्गात चार-पाच मुलं अशी असतातच ज्यांना हे सगळं पुरत नाही. त्यांना एमआयटीमधल्या लेहमन, लायटन आणि मेयर यांच्या 'मॅथेमॅटिक्स फॉर कॉम्प्युटर सायन्स' या नोट्स द्या, त्याही मोफत आहेत. इनव्हेरिअंटची, म्हणजे प्रक्रिया पुढे गेली तरी न बदलणाऱ्या गोष्टीची कल्पना तिथे जितकी छान येते तितकी इतर पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. गेट (एम.टेक. प्रवेशासाठीची परीक्षा) देणाऱ्यांना रोझेन आणि देव पुरतात. गेटच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरातल्या या विषयाच्या भागात लॉजिक, रिलेशन्स, पार्शल ऑर्डर, लॅटिस, ग्रुप्स, मॅचिंग, कलरिंग, रिकरन्स, जनरेटिंग फंक्शन्स हेच असतं. ग्रॅहम, क्नुथ आणि पटाश्निक यांचं 'काँक्रीट मॅथेमॅटिक्स' कुणी मागितलं तर हातात जरूर द्या, पण वर्गाला सांगू नका. ते या विषयाचं पहिलं पुस्तक नव्हे. ज्यांना ऐकून कळतं त्यांच्यासाठी एनपीटीईएलवर (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर) कृतिवासन मॅडमची व्याख्यानं आहेत.

कोणतंही पुस्तक नेमलं तरी दोन-तीन प्रश्न आपल्या गावातले असावेत असा माझा आग्रह असतो. ऑयलरने १७३६ मध्ये सोडवलेला क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न प्रत्येक पुस्तकात असतो. तो झाला की मुलांना नाशिकचा नकाशा द्या. शहरापुरतं बघायचं तर गोदावरीचे दोन काठ म्हणजे दोन शिरोबिंदू आणि प्रत्येक पूल म्हणजे एक कड. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल पार करता येतील का? पूल कितीही असोत, येतातच. पूल सम असतील तर निघालो त्याच काठावर परत येऊ, विषम असतील तर पलीकडच्या. आता टाकळीला गोदावरीला मिळणारी नासर्डी धरा, म्हणजे उजव्या काठाचे दोन तुकडे होऊन तीन भूभाग झाले. आता? तरीही येतात! कारण विषम डिग्रीचे शिरोबिंदू नेहमी सम संख्येने असतात, तिनात ते शून्य किंवा दोनच असू शकतात, आणि असे शिरोबिंदू दोनपेक्षा जास्त नसले की प्रत्येक पूल एकदाच ओलांडणं जमतं. मग पंचवटीत गोदावरीला मिळणारी वाघाडी धरा. चार भूभाग. इथे पहिल्यांदा 'नाही' हे उत्तर शक्य होतं, आणि क्योनिग्सबर्गलाही भूभाग चारच होते. आता मुलांनी खरे पूल मोजायचे, डिग्री काढायची आणि निकाल सांगायचा. हँडशेकिंग लेम्मा (सगळ्या डिग्रींची बेरीज कडांच्या दुप्पट असते) कशासाठी शिकायचा हे मला त्यानंतर कधी वेगळं सांगावं लागलेलं नाही.

दुसरा प्रश्न देवळालीचा. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ चा शोध लावला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोहोचते. मुलं हे गंमत म्हणून करतात, पण आता 'सिद्ध करा' म्हणा. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी येते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्या फरकाइतका. मोजलं तर जोड्या होतात २+३+…+१०, म्हणजे ५४. जवळपास दहा हजार संख्यांचा प्रश्न ५४ शिरोबिंदूंच्या डायरेक्टेड ग्राफवर आला. तो ग्राफ मुलांनी कागदावर काढायचा, सुरुवातीचं शून्य जपायचं, म्हणजे ०९९९ ही चार अंकीच धरायची. काउंटिंग, फंक्शन आणि ग्राफ ही तीन युनिट्स एका असाइनमेंटमध्ये येतात. चौघांचा गट करून द्या.

खरेदीबद्दल शेवटचं. आठव्याच आवृत्तीचा हट्ट नको, सहावी-सातवीही चालते; सेकंडहँड मिळाली तर उत्तम. फक्त आवृत्ती बदलली की स्वाध्यायाचे क्रमांक बदलतात, म्हणून असाइनमेंट देताना 'सेक्शन अमुक, प्रश्न तमुक' असं न लिहिता पूर्ण प्रश्न लिहून द्या. बुक बँकेतून गरजू मुलांना प्रती मिळतील हे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ग्रंथपालांशी बोलून ठेवा, कारण नंतर त्या प्रती वरच्या वर्गातल्या गेटवाल्यांकडे गेलेल्या असतात. ग्रंथालयात एक प्रत 'बाहेर न्यायची नाही' अशी ठेवायला सांगा. स्कॅन केलेल्या पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका आणि फिरू देऊ नका. हॅमॅक, एमआयटीच्या नोट्स आणि ऑस्कर लेव्हिन यांचं मोफत पुस्तक एवढं लेखकांनी स्वतःहून खुलं केलेलं साहित्य असताना त्याची गरजही नाही. लेव्हिन यांची भाषा सोपी आहे. ज्याला रोझेन विकत घेणं शक्य नाही आणि बुक बँकेतही मिळालं नाही, त्याने मोबाइलवर लेव्हिन आणि हॅमॅक वाचून वर्गाबरोबर राहता येतं. अशा मुलांना तुम्ही दिलेल्या सेक्शन्सच्या कागदावर त्या दोन पुस्तकांतली समांतर प्रकरणंही लिहून द्या. कागद एकच, तीन रकाने.